मथळ्यानंतरची दहा वर्षे

(झरोक्यातून दिसणारा जांभळा प्रकाश, निर्वात पंपाचा आवाज)

तारांच्या पोकळ गोलात थरथरणारा हा जांभळा ठिपका म्हणजे प्लाझ्मा, विद्युतभारित कणांचा वायू. मेजावर मावणाऱ्या या पोलादी भांड्यातील हवा पंपाने काढून घेतली आहे, तिच्या जागी ड्यूटेरियम, म्हणजेच जड हायड्रोजन, अगदी विरळ सोडला आहे आणि आतल्या जाळीला हजारो व्होल्टचा ऋण विद्युतदाब दिला आहे. धनभारित केंद्रके या जाळीकडे ओढली जातात, फटींतून आरपार निघून जातात, पलीकडे मंदावतात आणि पुन्हा माघारी वळतात. या येरझारांत क्वचित कधी दोन केंद्रके अशी आदळतात की ती एकमेकांत मिसळतात; यालाच संमीलन म्हणतात आणि त्यातून ऊर्जा निघते. अशा साधारण निम्म्या संमीलनांत एक न्यूट्रॉन बाहेर पडतो.

(नळीचे समीपदृश्य)

भांड्याशेजारी उभी केलेली ही बोटभर नळी नीट पाहावी. तिच्यातल्या पारदर्शक जेलमध्ये न्यूट्रॉनची धडक बसली की बारीक बुडबुडा उमटतो आणि तिथेच अडकून राहतो. संमीलन झाले की नाही, याचा पुरावा त्या देखण्या प्रकाशात नसून या बुडबुड्यांत आहे, कारण ड्यूटेरियमऐवजी विरळ साधी हवा ठेवली तरी प्रकाश पडतोच.

या यंत्राला फ्यूझर म्हणतात. दूरचित्रवाणीच्या जनकांपैकी एक असलेले फिलो फार्न्सवर्थ यांनी १९६०च्या दशकात त्यावर काम केले आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हर्श यांचा शोधनिबंध १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्यूझर वीज देत नाही, खातो; जाळीवर आदळून केंद्रकांची ऊर्जा वाया जाते आणि जाळी तापून लाल होते. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट बसार्ड यांनी ही जाळीच काढून टाकून तिच्या जागी चुंबकीय वेटोळ्यांत कोंडलेले इलेक्ट्रॉन वापरण्याची कल्पना मांडली, अमेरिकी नौदलाने तिला काही वर्षे पैसा पुरवला आणि २००७ मध्ये बसार्ड यांचे निधन झाले.

(हार्वेलची जुनी कृष्णधवल चित्रफीत)

ब्रिटनमधील हार्वेल येथे १९५७ मध्ये सुरू झालेले, संमीलनाच्या प्रयोगांसाठीचे हे अवाढव्य वलय म्हणजे झीटा. त्यातील ड्यूटेरियममधून प्रचंड विद्युतप्रवाह सोडला की त्या प्रवाहाचेच चुंबकीय क्षेत्र प्लाझ्माला आवळून धरी. काही दिवसांतच न्यूट्रॉन मिळू लागले. जानेवारी १९५८च्या अखेरीस पत्रकार परिषद झाली, तीत पत्रकारांनी खोदून विचारल्यावर हार्वेलचे संचालक सर जॉन कॉक्रॉफ्ट यांनी हे न्यूट्रॉन तापलेल्या प्लाझ्मातील संमीलनाचेच असल्याची आपल्याला ९० टक्के खात्री असल्याचे सांगितले, आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत उरलेल्या १० टक्क्यांचा मागमूस राहिला नाही. न्यूट्रॉन खरे होते. पण सारा प्लाझ्मा तापल्यामुळे नव्हे, तर त्यातील अस्थिरतेमुळे थोडीच केंद्रके एका दिशेने वेगाने फेकली जात होती आणि त्यांच्या टकरींतून ते निघत होते, हे न्यूट्रॉनांची ऊर्जा वेगवेगळ्या दिशांनी मोजल्यावर उघड झाले. मे महिन्यात दावा मागे घेण्यात आला.

वृत्तपत्रांच्या लेखी झीटाची कथा इथे संपली, यंत्र मात्र पुढे दहा वर्षे चालत राहिले. प्लाझ्मा काही क्षण आपोआप शांत होतो, हे त्याच यंत्रात लक्षात आले. कडेचे चुंबकीय क्षेत्र स्वतःहून उलट दिशेला वळल्यावर ही शांतता येते. भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन टेलर यांनी १९७४ मध्ये त्याचा सैद्धांतिक उलगडा केला आणि त्यातून प्लाझ्मा कोंडण्याची एक स्वतंत्र पद्धत उभी राहिली. त्या शांततेवर मथळा झाला नाही. तो व्हायलाही ती काही छायाचित्रात दिसणारी गोष्ट नव्हती.

(मॉस्को, लेसरचे पेटारे उघडताना)

झीटाने पोळलेल्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये आपली लेसर यंत्रणा मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेत नेली आणि तिथल्या टी-३ या टोकामाकचे, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा कोंडणाऱ्या कड्याच्या आकाराच्या यंत्राचे, तापमान स्वतः मोजले. ते एक कोटी अंशांच्या आसपास निघाले, म्हणजे इतक्या तापमानाचा सोव्हिएत दावा खरा ठरला. जगाचा पैसा टोकामाककडे वळला तो या मोजमापानंतर, आणि बाकीच्या बहुतेक वाटा हळूहळू ‘पर्यायी’ ठरत गेल्या.

२३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील युटा विद्यापीठात शीत संमीलनाची, म्हणजे साध्या तापमानाला होणाऱ्या संमीलनाची, घोषणा झाली. तो परिणाम इतरांना खात्रीने पडताळता आला नाही. पण मळलेल्या वाटेबाहेरच्या प्रत्येक संशोधकाकडे त्यानंतर संशयाने पाहिले जाऊ लागले, असा आमचा कयास आहे. अर्थात दोष केवळ पत्रकारांचा नाही, घोषणा प्रयोगशाळांनीच केल्या होत्या.

(आजच्या वृत्तांची कात्रणे, एकामागून एक)

ट्रकवर मावेल अशी संमीलन भट्टी दहा वर्षांत येईल, हे लॉकहीड मार्टिन या अमेरिकी विमान कंपनीने २०१४ मध्ये सांगितले होते. दहा वर्षे उलटली, भट्टी आली नाही. हेलियन या कंपनीने २०२८पासून वीज पुरवण्याचा करार मायक्रोसॉफ्टशी २०२३ मध्ये केला, तेव्हा बहुतेक बातम्यांत साल ठळक होते, यंत्राने तोवर काय मोजून दाखवले हे मात्र शोधावे लागत होते. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत २.०५ मेगाज्यूल लेसर ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा निघाली, हे जगभर छापून आले. त्या लेसरना ग्रिडमधून सुमारे ३०० मेगाज्यूल लागले, हे पुष्कळ ठिकाणी शेवटच्या परिच्छेदात गेले.

त्यामानाने फेब्रुवारी २०२३ची एक बातमी छोटी होती. जपानमधील तोकी येथील लार्ज हेलिकल डिव्हाइस या यंत्रात चुंबकांनी कोंडलेल्या प्लाझ्मात बोरॉनची भुकटी सोडून तिच्यावर हायड्रोजनचे वेगवान झोत मारण्यात आले. एक हायड्रोजन आणि एक बोरॉन मिसळले की तीन अल्फा कण, म्हणजे हेलियमची केंद्रके, निघतात, न्यूट्रॉन निघत नाही. टीएई या अमेरिकी कंपनीच्या शोधक उपकरणाने त्या अल्फा कणांची नोंद केली. या इंधनाला ड्यूटेरियम आणि ट्रिटियम (हायड्रोजनचाच आणखी जड प्रकार) यांच्या नेहमीच्या इंधनाच्या कितीतरी पट तापमान लागते, आणि किरणोत्सर्जनातूनच ऊर्जा निघून जाईल हा संशोधक टॉड रायडर यांचा १९९५चा आक्षेप अजून उभा आहे. जमले, तर न्यूट्रॉन जवळजवळ नसल्याने भट्टीच्या भिंती फारशा किरणोत्सारी होणार नाहीत.

(पुन्हा मेज, विद्युतदाब शून्यावर)

फ्यूझर बंद केला आहे. नळीतले बुडबुडे मोजून आकडा वहीत लिहून झाला की तिच्या टोकाचा स्क्रू आवळतात. दाबाने बुडबुडे विरघळून जेल पुन्हा नितळ होते आणि नळी पुढच्या मोजणीसाठी मेजावर ठेवली जाते.