हाताचा अंदाज आणि टॉर्क पाना

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी, ग्रामपंचायतीच्या सभागृहात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

राजेहो, कापसाचा गाडा दोरानं कसा बांधतात हे मी तुम्हाला सांगावं असं नाही. दोर नुसता गुंडाळून भागत नाही, ताणावा लागतो. ताण असतो म्हणूनच नाल्यातून गाडा काढताना भार हलत नाही. बोल्टाचंही तसंच आहे. आवळला की पोलादी बोल्ट केसभर लांबतो, आणि परत आखडायची त्याची जी ओढ असते तीच दोन भागांना धरून ठेवते.

फरक एवढाच की दोराचा ताण हाताला कळतो, बोल्टाचा कळत नाही. आपण लावलेल्या जोरातला बहुतेक सगळा, जवळजवळ 90 टक्के, आट्यांच्या आणि बोल्टाच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो. आट्यांत आपली काळी माती अडकली असली की पाना जड लागतो आणि बोल्ट मात्र सैलच राहतो. तेलकट आट्यांचं उलटं होतं, तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. म्हणून आधी आटे पुसा. मोटारसायकलच्या पुस्तिकेत सांगितलं असेल तरच तेल लावा.

मी हे नुकसान सोसून शिकलो. पेरणीच्या तोंडावर घरीच ऑइल बदललं आणि चेंबरचा नट, म्हणजे इंजिनाच्या तळाचा ऑइल काढायचा नट, गळू नये म्हणून पान्याला पाइप लावून आवळला. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं, नट पोलादी. आवळता आवळता पाना एकदम हलका झाला. आटे सोलून निघाले होते. टेम्पोत घालून गाडी तालुक्याला न्यावी लागली, आणि पेरणीचे चार दिवस गाडीविना गेले.

त्या नटाला किती जोर लागतो? लहान गाड्यांत साधारण 25 ते 30 न्यूटन-मीटर. पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला 10 किलोची थैली टांगली, तर झाले 25. पोतं उचलणाऱ्या हाताला 10 किलो म्हणजे काहीच नाही, आणि घात नेमका तिथंच होतो. इंजिनाच्या झाकणांचे 6 मिलिमीटरचे बोल्ट तर 10 ते 12 वरच थांबवायचे असतात. नेमका आकडा आपल्याच गाडीच्या पुस्तिकेतून घ्या. जुन्या पुस्तिकेत तो किलोग्रॅम-मीटरमध्ये (kgf-m) असतो. त्याला 9.8 नं गुणा.

पोलाद अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत जातं तिथं टॉर्क पाना लावा, म्हणजे माप लावलं की तेवढा जोर झाल्यावर टक् वाजणारा पाना: चेंबरचा नट, प्लग, हेड, इंजिनाची झाकणं. प्लग आधी बोटांनी बसवा, थंड इंजिनात. आणि जिथं जीव टांगलेला आहे, म्हणजे चाकाचा ॲक्सल आणि ब्रेकचे बोल्ट, तिथं तर लावाच. चेन ताणून झाल्यावर मागच्या चाकाचा नट अंदाजानं आवळून शेतावर निघणारे लोक पाहिले की मला खरोखर काळजी वाटते. मागं बहुधा बायको नाही तर लेकरू बसलेलं असतं. आरसा, नंबरप्लेट, साइड पॅनल यांना साधा पाना पुरे.

एक मोठा पाना घेऊन सगळं भागेल असं समजू नका. 200 पर्यंतचा पाना 10 वर भरवशाचा नाही, मापाच्या तळाशी तो चुकतो. घरच्या कामाला दोन हवेत, एक लहान, एक मोठा. ते महाग वाटत असतील तर चार घरांनी मिळून घ्या, फवारणीचा पंप घेतो तसे. टक् आवाज आला की हात थांबवा, पुन्हा टकटक करू नका. त्यानं गंजलेला नट खोलू नका, आणि ठेवताना माप सगळ्यात खालच्या आकड्यावर आणा.

आता या बाकाच्या व्हाइसमध्ये एक जुना बोल्ट धरला आहे, आणि हा काट्याचा टॉर्क पाना आहे. एकेकानं पुढं या. काट्याकडं न पाहता 25 ओढून दाखवा. काटा मी वाचतो.