अरेका पामची टोकं करपतायत? आधी कूलरच्या टाकीकडे बघा

राम राम मंडळी! उन्हाळा लागला की हॉलमधल्या अरेका पामची टोकं तपकिरी पडतात, आणि आपण काय करतो? रोज तांब्याभर पाणी जास्त. थांबा जरा.

हे पान बघा, जवळ धरतो. टोक आणि कडा जळल्यात, मधे हिरवंगार. कोरड्या हवेनंही असं होतं, पण खान्देशात माझा पहिला संशय पाण्यावर. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी जड. पाणी उडून जातं, क्षार कुंडीतच राहतात, आणि मग माती ओली असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. कूलरच्या गवतावर पांढरा थर धरतो ना? तसाच कुंडीच्या काठावर दिसतोय का बघा.

आणि आपण काटकसरी माणसं! कूलरच्या टाकीतलं उरलेलं, आरओचं वाया जाणारं, सगळं झाडाला. पण या दोन्ही पाण्यांत क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. मोरी धुवा त्यानं, पामला नको. एसीच्या पाइपातून ठिबकणारं मात्र बादलीत धरा. ती हवेतलीच वाफ, क्षार जवळजवळ नाहीतच. पावसाचं साठवलेलं असेल तर काय विचारता!

साठलेले क्षार काढायला कुंडी मोरीत न्या. कुंडीत मावेल त्याच्या दुप्पट चांगलं पाणी हळूहळू ओता, खालून वाहू द्या. बशीत साचलेलं फेका. महिनाभर खत बंद. करपलेलं टोक काही परत हिरवं होत नाही, नवीन पान कसं येतं ते बघा. पुढचं पाणी वरची माती सुकल्यावरच.

जागा? पूर्वेची खिडकी छान. पश्चिमेच्या काचेमागे मे महिन्यात पानं भाजतात, पातळ पडदा तरी लावा. कूलरचा झोत थेट अंगावर नको. हा मूळचा मादागास्करचा, दमट हवेतला. कोरड्या गरम हवेत पानाखाली लाल कोळी जाळं धरतो, म्हणून ओल्या फडक्यानं पानं खालून पुसा. खोलीत उजेडच कमी असेल, तर अरेकाचा हट्ट सोडा, लेडी पाम आणा.

छताला टेकला म्हणून शेंडा मात्र छाटू नका हं. प्रत्येक खोडाला वाढीचा कोंब एकच, तो गेला की ते खोड गेलं. सगळ्यात उंच खोड बुडापासून काढा, बाकीची वाढत राहतील.