सागरमाळावर समुद्र

[दृश्य: पहाट. आंबा घाटात धुकं. गाडीत पाण्याचे कॅन.]

कोल्हापुरात सागरमाळ नावाचा भाग आहे, सागर नाही. तो हवा असेल तर घाट उतरून रत्नागिरी गाठायची, ओहोटी साधायची आणि कॅन भरून परत वर यायचं. सोबत बर्फाच्या डब्यात अंगठ्याएवढा नारिंगी तुकडा असतो. स्पंजाचा.

खडकाला चिकटलेला हा प्राणी जन्मभर पाणी गाळत बसतो. तोंड नाही, पोट नाही, पण अंगात बिऱ्हाडं केवढी! काही जातींत वजनाचा तिसरा हिस्सा नुसत्या सूक्ष्मजीवांचा भरतो. थिओनेला नावाच्या स्पंजातली बहुतेक औषधी रसायनं स्पंज करतच नाही, त्याच्या अंगातला एक जीवाणू करतो, हे २०१४ साली उघड झालं. मग स्पंज ओरबाडायचे कशाला? तो भाडेकरूच डिशमध्ये वाढवता आला तर?

[दृश्य: प्रयोगशाळा. खलबत्ता, पेट्री डिश.]

तुकडा निर्जंतुक समुद्रपाण्यात तीनदा धुतला की वरवरचे उपरे जीव निघून जातात. मग तो खलात कुटायचा, दहापट, पुन्हा दहापट विरळ करायचा आणि थेंब डिशवर पसरायचे. इथवर सोपं आहे. अडतं ते जेवणापाशी.

पाहुण्याला आग्रहानं वाढायची आपली रीत इथे सोडावी लागते. पेप्टोन, यीस्टचा अर्क सढळ हातानं घातला की चपळ जीवाणू दोन दिवसांत डिश व्यापतात, आणि ज्यांच्यासाठी घाट उतरलो ते खाली दबून जातात. म्हणून अन्न शंभरपटीपर्यंत पातळ करायचं. बुरशीला सायक्लोहेक्झिमाइडनं थोपवायचं.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. डिशमधली जेली, म्हणजे अगार, आणि फॉस्फेट एकत्र ऑटोक्लेव्ह केले, म्हणजे प्रेशर कुकरसारख्या वाफेत निर्जंतुक केले, तर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि नाजूक जीव उगवण्याआधीच मरतात. दोन्ही वेगळे तापवून मग मिसळले की जास्त वसाहती उठतात. हेही २०१४ मधलंच काम, जपानी संशोधकांचं. त्याआधी जगभरात किती जीव आपल्याच भांड्यात मेले असतील, या विचारानं वाईट वाटतं.

मग वाट पाहायची. २८ अंशांवर, चार ते आठ आठवडे. अगार सुकू नये म्हणून डब्यात ओला कापूस ठेवायचा. पंधरा दिवसांनी रिकामी दिसणारी डिश धुवायला टाकायची नाही.

[दृश्य: भिंगातून डिश.]

सहावा आठवडा. खडूच्या भुकटीसारखा पांढरा ठिपका, सुईनं टोकरला तरी न निघणारा, अगारात रुतलेला. ॲक्टिनोमायसीट असावा, म्हणजे बुरशीसारखे धागे काढणारा जीवाणू. झाकण किलकिलं होताच मृगाच्या पहिल्या सरीनंतरचा वास येतो.

आता त्याला दोन डिशवर रेघायचं: एक साध्या पाण्याची, एक समुद्राच्या. फक्त दुसरीवर वाढला, तर तो खरा समुद्राचा.

कॅनच्या तळाशी दोन बोटं पाणी उरलंय. अमावस्येची ओहोटी गाठायला हवी.