उतारा का कळत नाही?

(तालुक्याच्या वाचनालयात मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित करून.)

मघाशी बाहेर तुमच्यातल्या काही जणांशी बोलणं झालं. बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच होतं: ‘सर, रोज इंग्रजी शब्द पाठ करतो, पण उतारा समोर आला की डोकं चालत नाही.’ आज त्याबद्दलच बोलू या.

पाठांतराला मी नावं ठेवणार नाही. फक्त पाठ काय करता ते बघा. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांमागे ज्या कठीण शब्दांच्या याद्या असतात, त्यातले कितीतरी शब्द इंग्रजी वर्तमानपत्रात महिनोन् महिने भेटत नाहीत. उतारा अडतो तो भलत्याच ठिकाणी. ‘अनलेस’, ‘ऑलदो’, ‘यट’, ‘हार्डली’ असल्या बारक्या शब्दांपाशी. ‘ही हार्डली वर्क्ड’ हे वाचून ‘त्याने खूप कष्ट केले’ असं लिहिणारी मुलं मला दरवर्षी भेटतात. त्याने काम जवळजवळ केलंच नव्हतं! एकदा हा अर्थ उलटा झाला की पुढचा सगळा परिच्छेद उलटा वाचला जातो. आणि हे शब्द शाळेत कधीच ‘होऊन गेलेले’ असतात, त्यामुळे त्यांच्याकडे पुन्हा कुणी वळून पाहत नाही.

या प्रश्नावर शंभरेक वर्षांपूर्वी बंगालमध्ये एका माणसाने फार मन लावून काम केलं. मायकेल वेस्ट त्यांचं नाव. ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. बहुतेक बंगाली मुलं शिक्षण पुरं न करताच शाळा सोडतात आणि तोवर शिकलेलं इंग्रजी त्यांच्या काही कामाला येत नाही, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी विम्यातला शब्द उचलला: सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मध्येच मोडली तर हातात काय पडतं? तसंच शाळा मध्येच सुटली तर मुलाच्या हातात काय उरेल? वाचता येणं उरेल, असं त्यांचं उत्तर होतं, आणि १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी ते सविस्तर मांडलं. मग त्यांनी वाचनाची पुस्तकंच नव्याने रचली. जुनाट, क्वचित लागणारे शब्द काढून रोजचे शब्द घातले. नवा शब्द थोड्या थोड्या अंतराने यावा आणि एकदा आला की पुढे पुन्हा पुन्हा भेटावा, अशी योजना केली. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो यासाठी, की त्यांनी विचार केला तो शाळा सोडून जाणाऱ्या मुलाचा.

पुढे १९५३ साली त्यांनी सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. शब्दाचा कोणता अर्थ किती प्रमाणात वापरला जातो, तेही त्यात दिलं. साध्या इंग्रजी मजकुरातले शंभरातले जवळजवळ ८० शब्द या यादीत सापडतात. म्हणून माझं सांगणं असं, की आधी हे २००० शब्द पक्के करा. पक्के म्हणजे त्यांचे दोन-तीन अर्थ आणि त्यांच्या सोबतीला येणारे शब्द यांच्यासकट.

पण शंभरातले ८० म्हणजे पानावरचा दर पाचवा शब्द अनोळखी. त्यावर वाचन चालत नाही. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी या विषयावर आयुष्यभर काम केलं. कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा तर त्यातले ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, असं त्यांच्या संशोधनातून दिसलं. म्हणजे पन्नास शब्दांत एकच नवा. अडीचशे शब्दांच्या पानावर पाच. वाचनालयात पुस्तक घेताना मधलं एखादं पान उघडा आणि अडलेले शब्द मोजा. पंधरा निघाले तर ते पुस्तक आज परत ठेवा, पुढच्या वर्षी घ्या. कॉलेजात असताना पाचवीच्या पातळीचं पुस्तक वाचण्यात काहीही कमीपणा नाही. मी हे अगदी कळकळीने सांगतो, कारण कमीपणा वाटतो म्हणूनच कितीतरी मुलं वाचनच सोडून देतात.

आणखी एक सोय आपल्याला फुकट मिळते. सकाळी मराठी वर्तमानपत्रात एखादी बातमी नीट वाचा, मग तीच बातमी इंग्रजीत वाचा. पावसाची, क्रिकेटची, अर्थसंकल्पाची, कुठलीही. काय घडलं ते माहीत असतं, त्यामुळे नवा शब्द संदर्भाने उलगडतो.

शब्द टिकवण्यासाठी कार्डं करा. एका बाजूला शब्द, आणि जिथे भेटला ते अख्खं वाक्य. मागे मराठी अर्थ. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली खोक्यांची युक्ती सांगितली. आठवलेलं कार्ड पुढच्या खोक्यात, न आठवलेलं पुन्हा पहिल्यात. पहिलं खोकं रोज बघायचं, पुढची आणखी आणखी उशिराने. चपलांची तीन रिकामी खोकी पुरतात.

आता उताऱ्याबद्दल. आपल्याकडे एक वाईट सवय लागते: प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरवायचं. गुण मिळतात, पण उतारा वाचलेलाच नसतो. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, म्हणून आपण नकळत वाक्याच्या टोकापर्यंत थांबतो. इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग येऊन जातं आणि पुढे शेपूट लांबत राहतं. लांब वाक्यात आधी कुणी काय केलं एवढं पकडा. ‘हू’, ‘विच’, ‘दॅट’पासून सुरू होणारे तुकडे नंतर जोडा. परिच्छेद संपला की वही झाका आणि शेजारच्याला तो मराठीत सांगा. हो, मराठीतच! स्वतःच्या भाषेत सांगता आला तर तो कळला. अडखळलात तर नेमकं कुठलं वाक्य निसटलं ते तिथल्या तिथे दिसतं.

परीक्षा दोन महिन्यांवर आहे, असं मागून कुणीतरी म्हणालं. मग एका वेळी एकच उतारा घ्या. पहिल्या दिवशी सोडवा, दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा वाचून मराठीत सांगा, आणि मगच नव्याला हात लावा.