हप्ता वाढला, विचारायचं कुणाला?

[दृश्य: गोव्यातलं साखळी शहर, दुपार. टेबलावर प्लॅस्टिकची फाईल, दोन कागद.]

निवेदन:

मेडिक्लेमच्या नूतनीकरणाची नोटीस. वर पॉलिसी क्रमांक, मधे विमा रक्कम, खाली भरायचा हप्ता आणि शेवटची तारीख. काकी फायलीतून गेल्या वर्षीची पावती शोधून काढतात आणि बोट ठेवून आकडे ताडून पाहतात. काका शाळेतून निवृत्त झालेले, दोघांचीही साठी उलटलेली. विमा रक्कम तीच, वर्षभरात एकही क्लेम नाही. तरी हप्ता चढलाच. का चढला, त्याबद्दल नोटिशीत अवाक्षर नाही.

एजंट सांगतो, "काका, वय वाढलं, हॉस्पिटलांचे दरही वाढले. कंपनी तरी काय करणार?"

तो खोटं बोलत नाही. पण एवढ्यानं काकांचं समाधान होत नाही, आणि होऊही नये.

हप्ता ठरवते कंपनी. तिचा विमागणिती वय, आजार आणि क्लेमचा हिशेब मांडतो. या कंपन्यांवर देखरेख असते आयआरडीएआयची, म्हणजे हैदराबादला कचेरी असलेल्या विमा नियामक प्राधिकरणाची. 30 जानेवारी 2025 रोजी या प्राधिकरणानं आदेश काढला: साठीपुढच्या ग्राहकांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल, तर आधी आमच्याशी सल्लामसलत करा. ज्येष्ठांची पॉलिसी बंद करायची असेल तरी आधी विचारा.

आदेश चांगला आहे. त्यामुळे निदान कुणीतरी विचारणारा आहे, हे कंपन्यांना कळलं. पण आकडेमोड करून पाहा. 30,000 रुपयांचा हप्ता दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढला, तर सात वर्षांत तो 58,000 च्या वर जातो. तेवढ्या काळात पेन्शन काही दुप्पट होत नाही. शिवाय हा आदेश साठीपुढच्यांचा. पंचावन्न वर्षांच्या माणसाला त्याचा आधार नाही.

[दृश्य: डिचोली तालुका, बंद खाणीकडे जाणारा तांबडा रस्ता.]

या भागात हे वय फार नाजूक आहे. 2012 साली आणि पुन्हा 2018 साली खाणी थांबल्या. नोकरी गेली, आणि ज्यांना कंपनीचा गटविमा होता त्यांचा तोही गेला. पन्नाशीत, साखर आणि रक्तदाब घेऊन नवी पॉलिसी काढायची म्हणजे हप्ता जास्त, आणि जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबणं. म्हणूनच हातातली पॉलिसी सोडायला लोक घाबरतात. पोर्टेबिलिटीची, म्हणजे जुन्या पॉलिसीचे फायदे राखून कंपनी बदलण्याची सोय 2011 पासून आहे, पण आजारी माणसाला नवी कंपनी नाकारू शकते. ज्याला सोडून जाता येत नाही, त्या ग्राहकाच्या बाजूनं बाजारातली स्पर्धा उभी राहत नाही. तिथे सरकारनंच उभं राहायला हवं.

मग हप्त्याचा पैसा जातो कुठे? फक्त आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांना हप्त्याच्या 35 टक्क्यांपर्यंत रक्कम कमिशन आणि व्यवस्थापनावर खर्च करायची मुभा आहे. अमेरिकेत 2010 च्या कायद्यानं उलट बाजूनं अट घातली: हप्त्यातले किमान 80 टक्के, मोठ्या गटविम्यात 85 टक्के, उपचारांवर आणि त्यांचा दर्जा सुधारण्यावर खर्च करा, नाहीतर फरक ग्राहकाला परत द्या. आपल्याकडे अशी अट का नसावी?

दुसरी बाजू हॉस्पिटलची. त्यांचे दर विमा नियामकाच्या हातात नाहीत. आयुष्मान योजनेप्रमाणे ठरावीक पॅकेज दर ठरवून घ्या, असं जानेवारीच्याच आदेशात कंपन्यांना सांगितलंय. ते खरोखर झालं, तर हप्त्यावरचा दाब मुळातच कमी होईल.

[दृश्य: बांबोळी, गोमेकॉच्या, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजच्या ओपीडीबाहेरची रांग.]

गोव्याला गोमेकॉचा आधार आहे, ही लहान गोष्ट नाही. राज्य सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं संरक्षण मिळतं, पण ठरावीक उपचारांसाठी. सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मानचं पाच लाखांचं कवच आहे. खासगी मेडिक्लेम असला तरी ते मिळतं. साठ ते सत्तरमधली माणसं मात्र अधांतरी राहतात. काका-काकी त्यातलेच.

22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला. नोटिशीवरची कराची ओळ गळाली. मूळ हप्ता चढवून तोच पैसा पुन्हा वसूल होत नाही ना, यावर नियामकाची नजर हवी.

काका काही फुकट मागत नाहीत. हप्ता का वाढला, गेल्या वर्षी जमलेल्या हप्त्यातून क्लेमवर किती खर्च झाले, हे मराठीत, त्याच नोटिशीवर छापून यावं, एवढंच त्यांचं म्हणणं आहे. वाढ मंजूर होण्याआधी ग्राहकांना हरकत घेता यावी, ही मागणी आम्ही त्यात जोडतो. वीजदर वाढायचे असतील तर जनसुनावणी होते, मग विम्याच्या हप्त्याला का नाही?

विमा हा केंद्राचा विषय, पणजीत त्याचा निकाल लागणार नाही. गोव्याचे लोकसभेत दोन खासदार आहेत, राज्यसभेत एक. हा प्रश्न त्यांनी दिल्लीत मांडायला हवा, आणि तो मांडला का, हे आपण त्यांना विचारायला हवं.