सुकडी, चौदा सुया आणि बापूचं कुत्रं

(अंबाजोगाईत पालक आणि शिक्षकांपुढे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मला बोलवायला दोघं घरी आले तेव्हा मी विषय विचारला. म्हणाले, ‘भीती’. म्हटलं, कशाची? तर म्हणे, तुम्हाला जमेल तिची घ्या. आता मला एकीचीच नीट माहिती आहे, कुत्र्याची. तेहतीस वर्षं मास्तरकी केली. बदलीचा कागद हातात पडला की बाकीचे गुरुजी शाळेला खोल्या किती ते विचारायचे. मी विचारायचो, वाटेत कुत्री किती? हसा, हसा. तेव्हाही लोक हसायचेच.

सुरुवात १९७२ ची, दुष्काळातली. आमचं गाव बालाघाटाच्या माथ्यावर, पाटोदा तालुक्यात. मी आठ वर्षांचा. विहिरी तळाला गेलेल्या, अख्खं गाव खडी फोडायला. घरात लाल मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीच्या भाकरी, आणि लेकरांना सुकडी, म्हणजे मदतीतला कोरडा खाऊ, मिळायची. तुमच्यातल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींच्या जिभेला ती चव आत्ता आली असेल. एके दिवशी धाकट्या बहिणीसाठी सदऱ्याच्या ओच्यात थोडी सुकडी राखून मी घराकडं निघालो. पडक्या वाड्याजवळ एक तांबडं कुत्रं आडवं आलं. बरगड्या मोजून घ्याव्यात असं. त्याची नजर ओच्यावर. मी ओचा सोडला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. पण दुष्काळातली सुकडी कोण सोडतो? मी पळालो, त्यानं पोटरी धरली.

आजीनं जखमेत मिरचीची पूड भरली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी शहाण्यानं सांगितलं म्हणून वडलांनी मला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. मग चौदा दिवस, चौदा सुया, बेंबीच्या आजूबाजूला. सुई भरतानाचा काचेचा आवाज मला अजून ऐकू येतो. पुढं वाचून कळलं, ती लस डेव्हिड सेंपल नावाच्या डॉक्टरनं १९११ साली कसौलीला तयार केलेल्या पद्धतीची, मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली. मेंढी लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे. आणि कुत्रं? त्याला गावानं त्याच संध्याकाळी काठ्यांनी मारलं. मी ओट्यावरून बघितलं. तेव्हा मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर सोळा वर्षं मी कुत्र्याच्या वाटेला गेलो नाही. म्हणजे अक्षरशः. शंभर पावलांवर कुत्रं दिसलं की मी वाट बदलायचो आणि सुटलो म्हणून हुश्श करायचो. ह्या हुश्शमध्येच सगळी गोम आहे. दर वेळी मी वाचलो म्हणजे धोका होता, हे मनात पक्कं होत गेलं. जे कुत्रं माझ्याकडं बघतही नव्हतं, त्यानंही मला जणू सोडून दिलं होतं! भीतीला मी असा रोज खुराक घालत होतो. कीर्तनात नामदेवांची गोष्ट निघाली की मी खाली मान घालायचो. कुत्र्यानं भाकरी पळवली तर कोरडी कशी खाशील म्हणून तुपाची वाटी घेऊन मागं धावणारे आपल्या नरसीचे नामदेव. ते कुत्र्यामागं पळाले, मी कुत्र्यापुढं.

डी.एड.ला तर थट्टाच झाली. मानसशास्त्राचं पुस्तक उघडलं की पाव्हलॉव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाचं कुत्रं. खाण्याआधी दर वेळी घंटा वाजवली की पुढं नुसत्या घंटेनंही त्याला लाळ सुटते, हे मी पाठ केलं. लाळ त्याची, घाम माझा. ते माझ्यावर लिहिलेलं आहे हे काही डोक्यात शिरलं नाही.

१९८८ साली धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवर शाळा मिळाली. एसटी फाट्यावर सोडायची, पुढं तीन किलोमीटर पायी. दिवाळीनंतर वाटेतल्या रानात धनगराचा वाडा उतरला. खतासाठी शेतात मेंढरं बसवतात तसा. सोबत तीन कुत्री. त्यातल्या एकाच्या गळ्यात लांडग्यानं नरडं धरू नये म्हणून खिळ्यांचा पट्टा. पहिल्या दिवशी मी फाट्यावरूनच परत गेलो आणि पोटदुखीचा अर्ज दिला. दुसऱ्या दिवशी ओढ्यातून लांबचा वळसा. तिसऱ्या दिवशी धनगरानं गाठलंच. त्याला सगळे बापू म्हणायचे.

“गुरुजी, ओढ्यानं का जाता? पँट भिजली की सगळी.”

सांगितलं खरं काय ते. तो हसला नाही. म्हणाला, “उद्या त्या बाभळीपाशी येऊन उभं ऱ्हावा. फुडं येऊ नका. मी कुत्री बांधून ठिवतो.”

बाभूळ वाड्यापासून दीडशे पावलांवर असेल. मी उभा राहिलो. कुत्री भुंकली आणि माझी छाती इंजिनासारखी धडधडायला लागली. पळून जाऊ नये म्हणून मी मास्तराचा इलाज केला, पाढे म्हटले. एकोणतीसचा पाढा तीनदा झाला आणि माझ्या ध्यानात आलं की धडधड उतरलीय. कुत्री भुंकतच होती. सोळा वर्षांत मी हे कधी बघितलंच नव्हतं, कारण उतरेपर्यंत मी कधी थांबलोच नव्हतो. मला वाटायचं ती वाढत वाढत जाऊन माझा जीवच घेईल.

आठ दिवस बाभूळ. मग बांध. मग बैलगाडी. एखाद्या दिवशी पुढं गेलेला माणूस मागं यायचा, बापू काही बोलायचा नाही. एकदा एकच कुत्रं सोडलं, ते माझ्याकडं आलं तेव्हा म्हणाला, “डोळ्यात डोळा घालू नका. अंग जरा तिरपं करा, हात खाली सोडा. वास घेऊ द्या. नाव विचारतंय तुमचं.” ते ओलं नाक मनगटाला लागलं तेव्हा मी बाराचा पाढा चुकलो. गुरुजी असून.

पुढं नोकरीतच बी.एड. केलं तेव्हा वाचलं, मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाईंनी १९२४ साली हेच लिहून ठेवलं होतं. पीटर नावाचं तीन वर्षांचंही नसलेलं पोर सशाला भ्यायचं. त्याला आवडीचा खाऊ द्यायचा आणि ससा लांब ठेवायचा. मग रोज थोडा जवळ. शेवटी पोर सशाला हात लावायला लागलं. पुढं जोसेफ वोल्पे ह्या मानसोपचारतज्ज्ञांनी ह्या वाटेला शिस्त लावली, पायऱ्या मोजून दिल्या. बापूनं दोघांचंही नाव ऐकलेलं नव्हतं. त्याला बुजलेलं कोकरू कळपात कसं मिसळवायचं ते ठाऊक होतं, आणि त्याच्या लेखी मी तेच होतो.

आता माझी चूक सांगतो. शहाणपण आलं की माणूस ते दुसऱ्यावर वापरायला निघतो. चौथीतला एक मुलगा कुत्र्याला भिऊन शाळा बुडवायचा. मला वाटलं, मी आहे ना. शाळेतलं गरीब कुत्रं धरलं, त्याचा हात ओढला, “लाव, काही करत नाही, लाव!” कुत्र्यानं खरंच काही केलं नाही. पण पोरानं चड्डी ओली केली, वर्ग हसला, आणि पुढं महिनाभर ते शाळेतच आलं नाही. मला बापूनं कधी ओढलं नव्हतं, पाऊल दर वेळी मीच टाकलं होतं. एवढी साधी गोष्ट मी विसरलो. पालकांनो, ‘त्यात काय घाबरायचं’ हे वाक्यसुद्धा हात ओढल्यासारखंच लागतं. तसंच ‘जेव, नाहीतर कुत्र्याला देईन’ हे पण बंद करा. घास भरवायला आपण लेकराच्या मनात कुत्रं सोडतो.

कुत्र्याचं बोलणं मात्र शिकवा लेकरांना. शेपूट हललं म्हणजे दोस्ती असं नाही. अंग सैल आणि शेपटाबरोबर कंबर हलतेय, तर ठीक. शेपूट ताठ उभं आणि फक्त टोक थरथरतंय, तर थांबा. झोप नसताना जांभई देतंय, ओठ चाटतंय, तोंड फिरवतंय, तर ते अवघडलंय, त्याला जागा द्या. खाताना, झोपेत आणि पिलांपाशी असताना कुठल्याच कुत्र्याच्या जवळ जायचं नाही. आणि पळायचं नाही. पळणाऱ्याच्या मागं लागणं त्याच्या रक्तात आहे.

आणि भीती गेली म्हणजे गाफील राहायचं असं नाही. रेबीज एकदा अंगात उठला की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य, पण वेळेवर उपचार घेतले तर तो टळतो. चावलं, ओरखडलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून. मिरची नाही, चुना नाही, हळद नाही. लगेच सरकारी दवाखाना. सुया आता पोटात नाहीत, दंडात देतात. पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा, अशा फेऱ्या असतात. मधली एकही चुकवायची नाही. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत आणखी एक औषध टोचावं लागतं, त्याबद्दल आपणहून विचारा. मेंढीच्या मेंदूची ती जुनी लस बनवणं आपल्याकडे २००४ च्या सुमारास थांबलं. मेंढीनं मला भीती टोचली आणि मेंढ्यावाल्यानं ती काढली, असा हा हिशेब.

आणखी एक. चावलेलं कुत्रं मारू नका. लस लगेच सुरू करायचीच, पण कुत्रं नजरेसमोर राहिलं आणि दहा दिवसांनी धडधाकट असलं, तर पुढच्या सुयांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवू शकतात. माझं कुत्रं त्याच संध्याकाळी मेलं. बघायला उरलंच नाही.

त्या कुत्र्याचं पुढचं मला फार उशिरा कळलं. बापूची गोष्ट आईला सांगत होतो, तेव्हा ती थकली होती, बाजेवरच असायची. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ती कुत्री व्यालेली होती रे. पडक्या वाड्यात चार पिलं होती.” मी म्हटलं, तुला कसं माहीत? तर म्हणे, “रात्री केकाटायची. तू सुया घेऊन झोपलास की मी मिलोची भाकरी पाण्यात कालवून नेऊन ठेवायची. तुझ्या वडलांना सांगितलं नाही.”

किती जगली, विचारलं.

“दोन,” म्हणाली.