मेजर मोतोको आणि लग्नाचं गाणं

श्रोतेहो, नमस्कार.

जुन्या सायबरपंक ॲनिमेतल्या, म्हणजे यंत्रं आणि संगणकांनी व्यापलेलं भविष्य दाखवणाऱ्या जपानी ॲनिमेशनपटांतल्या, लढवय्या बायकांमध्ये एवढं काय आहे, असं कुणी विचारलं की मी 1995 सालच्या 'घोस्ट इन द शेल' या चित्रपटाचं नाव घेते. मूळ मासामुने शिरो यांची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा; दिग्दर्शक मामोरू ओशी. नायिका मेजर मोतोको कुसानागी. शरीर सगळं यंत्राचं. मग आतलं मन तरी आपलं आहे का, हा प्रश्न तिची पाठ सोडत नाही.

पण मला सांगायचंय ते त्यातल्या गाण्याबद्दल. सुरुवातीलाच मेजरचं शरीर घडताना दिसतं. सांगाडा, मग त्यावर कातडी. संगीतकार केंजी कावाई यांच्या मनात इथे बल्गेरियातल्या लोकगायिकांचं गाणं होतं, सुराला सूर घासून जाणारं. त्या गायिकांचा योग काही जुळला नाही. मग त्यांनी जपानी लोकगीतं, म्हणजे मिन्यो, गाणाऱ्या बायका बोलावल्या आणि बल्गेरियन धर्तीची स्वररचना त्यांच्याकडून गाऊन घेतली! सोबतीला ढोल आणि घंटा. शब्द प्राचीन यामातो भाषेतले, म्हणजे जुन्या जपानीतले, आणि गाणं कसलं? लग्नाचं. लग्नासाठी देव खाली उतरतो, असं त्यात येतं. आपल्याकडे घाणा भरताना बायका गातात ना, तसा तो एकत्र आवाज उठतो. पुन्हा सांगते, पडद्यावर यंत्राची बाई घडतेय आणि मागे लग्नाचं गाणं चाललंय. ते चित्रपटात तीनदा येतं. लग्न कुणाचं, हे शेवटी उमगतं. ते मी सांगणार नाही. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, ढोल मरतो त्यात. आणि हे गाणं श्रेयनामावलीवरही वाजतं, त्यामुळे ती पुढे ढकलायची सवय तर मला मुळीच पटत नाही.

दुसऱ्यांदा ते येतं तेव्हा मारामारी थांबलेली असते. हाँगकाँगवर बेतलेलं शहर, पाऊस, आणि काही मिनिटं संवादच नाही. आजच्या ॲक्शनपटांत नायिकेला श्वास घ्यायला सवड देत नाहीत. मेजर लढते, आणि तिला विचार करायला वेळही मिळतो. लढते आणि विचार करते. मी तिच्यावर जीव टाकते तो यासाठी.

पाहाल तेव्हा मूळ जपानी आवाजातच पाहा. मेजरचा आवाज अत्सुको तानाका यांचा; 2024 मध्ये त्या गेल्या. मग 1987 पासूनची 'बबलगम क्रायसिस' मालिका घ्या. चिलखत घालून लढणाऱ्या चौघी आहेत त्यात, आणि त्यांच्यातली प्रिस रॉक गायिका आहे.